आधी पाणी, मग आंघोळ

(नवी मुंबईतील एका गावठाणात, प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण आंघोळीविषयी बोलणार आहोत. विषय ऐकून काही मंडळी गालातल्या गालात हसली. हसणारच! आंघोळ ही काय शिकवायची गोष्ट आहे? बाळ घरी आले की आजी त्याला पायावर घेऊन न्हाऊ घालते. लग्नात हळद लागली की नवऱ्यामुलाला न्हाऊ घालतात. दिवाळीत पहाटे उटणे लावून न्हातात. माणूस गेला, तरी त्याची शेवटची आंघोळ चुकत नाही. पाळण्यापासून तिरडीपर्यंत आंघोळ आपल्या सोबत आहे. मग तिच्याविषयी आणखी बोलायचे काय?

बोलायचे आहे. कारण आंघोळीवरून माणसे एकमेकांना नावे ठेवतात. नावे ठेवता ठेवता एकमेकांना दूर लोटतात.

आपल्या या भागाकडेच पाहा ना. पूर्वी इथे आगरी आणि कोळी यांची गावे होती. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासळी यांवर गावे जगत होती. १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर वसवायचे ठरले. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. पोटासाठी चहूकडून माणसे आली. साताऱ्याकडचे माथाडी आले. दुष्काळाने गाव सोडलेले मराठवाड्यातले लोक आले. उत्तरेकडचे आले, दक्षिणेकडचेही आले. आज एकेका गल्लीत दहा ठिकाणची माणसे शेजारी शेजारी राहतात.

आणि मग बोलणी सुरू होतात. एक म्हणतो, “ते लोक सकाळी न्हातच नाहीत हो!” दुसरा म्हणतो, “हे लोक नुसते पाणी ओतून घेतात, साबण कुठे लावतात?” तिसरी बाई म्हणते, “त्यांच्या अंगाला मासळीचा वास येतो.” चौथी म्हणते, “त्या वस्तीतल्या पोरांबरोबर आमची पोरं खेळायला नकोत. घाणेरडी असतात.”

मंडळी, घाणेरडा हा शब्द फार वाईट. कपड्यावरचा डाग निघतो. पण माणसाला एकदा हा शब्द चिकटवला, की तो साबणाने निघत नाही.

म्हणून आधी विचार करू, की माणूस कसा न्हातो आणि किती न्हातो हे ठरते कशावरून? जातीवरून ठरते का? धर्मावरून ठरते का?

आपल्याच गावाची जुनी गोष्ट घ्या. वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तीन बाजूंना खाडीचे पाणी, पण ते खारे. गोड्या पाण्याच्या विहिरी मोजक्या. चैत्र-वैशाखात त्या तळाला जात. उरलेले पाणी मचूळ. अशा पाण्यात साबण घासून घासून संपतो, पण फेस येत नाही. मिठागरात दिवसभर खाऱ्या पाण्यात उभे राहायचे. पायांना भेगा पडायच्या, अंगावर मीठ चरचरायचे. संध्याकाळी घरी गोडे पाणी किती? एखादा हंडा! तो हंडा प्यायला ठेवायचा, रांधायला ठेवायचा की अंगावर घ्यायचा? घरधनीण काय करील ते आम्ही सांगायला नको. अशा दिवसांत आपले आजोबा-पणजोबा रोज साग्रसंगीत न्हात नसतील. मग ते घाणेरडे होते का? मुळीच नाही. त्यांना पाणी नव्हते.

वर्गातल्या एका मावशींनी मागे आम्हांला सुनावले होते, “अहो, पाणी असलं तर न्हायचं ना!” मावशींच्या या एका वाक्यात आजचे अर्धे भाषण आले.

आता जरा जगाची फेरी मारून येऊ.

फिनलंड म्हणून थंडीचा देश आहे. तिथे हिवाळ्यात सगळीकडे बर्फ. बर्फात उघड्यावर तांब्याने पाणी घेऊन कोण न्हाईल? तिथले लोक लाकडी खोली तापवतात. तापलेल्या दगडांवर पाणी शिंपडतात. वाफ उठते, घाम सुटतो, मळ निघतो. याला सौना म्हणतात. पूर्वी तिथल्या बायका बाळंतही सौनातच होत. कारण घरातली तीच जागा उबदार आणि स्वच्छ असे.

जपानात निराळीच तऱ्हा. तिथे आधी लहानशा स्टुलावर बसून अंग साबणाने धुतात. अंग पुरते स्वच्छ झाले, की मग कढत पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बसतात. त्याच पाण्यात घरातले सगळे पाळीपाळीने बसतात. ऐकून आपल्याला कसेसेच वाटते. पण टाकीत कुणी साबण लावत नाही, मळ आणत नाही. एकदा तापवलेले पाणी सगळ्या घराला पुरते. इंधन वाचते.

उलट आपण तांब्याने पाणी ओततो. मळ वाहून जातो, पुन्हा अंगाला लागत नाही. एक बादली पाण्यात काम होते. आपल्या हवेला आणि आपल्या घराला हीच रीत बरी.

आफ्रिकेत नामिबिया नावाचा देश आहे. तिथे कोरड्या मुलखात हिंबा नावाचे लोक राहतात. पाण्याची फार टंचाई. तिथल्या बाया सुगंधी झाडपाला जाळून त्याची धुरी अंगाला घेतात. अंगाला लोणी आणि तांबडी माती यांचा लेप लावतात. कातडीचे उन्हापासून रक्षण होते. आता सांगा, त्यांना घाणेरडे म्हणायचे, की पाण्यावाचून स्वच्छ राहण्याची युक्ती शोधणाऱ्या शहाण्या बाया म्हणायचे?

आपले मुसलमान शेजारी नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतात. दिवसातून पाच वेळा नमाज असतो. पण वाळवंटात पाणीच नसेल तर? तर स्वच्छ मातीवर हात टेकवून ते तोंडावरून व हातांवरून फिरवावेत, अशी मुभा त्यांच्या धर्मातच दिलेली आहे. पाण्याचा विचार धर्मानेही केलेला आहे.

आणि गोऱ्या साहेबाचे काय? सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातले पुष्कळ मोठे लोक आंघोळीला भीत असत. गरम पाण्याने कातडीची छिद्रे उघडतात आणि त्यांतून रोग आत शिरतो, अशी समजूत होती. म्हणून ते अंग धुण्याऐवजी आतला सदरा बदलत! पुढे शेख दीन महंमद नावाचा आपल्याकडचा माणूस, मूळचा पाटण्याचा, इंग्लंडात गेला. १८१४ साली त्याने ब्रायटन गावी वाफेच्या आंघोळीचे आणि चंपीचे स्नानगृह काढले. मोठमोठे सरदार तिथे जाऊ लागले. आज दुकानात जी शाम्पूची पुडी मिळते, तिचे नाव आपल्याकडच्या चांपण्यावरून, म्हणजे चंपीवरूनच इंग्रजीत गेले आहे.

आणखी मागे जा. सिंधमध्ये, आजच्या पाकिस्तानात, मोहेंजोदडो नावाचे जुने शहर जमिनीखाली सापडले. ते चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे. तिथे विटांचे मोठे स्नानकुंड आहे. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद. पण आम्हांला त्याहून नवल वाटते ते साध्या घरांचे. पुष्कळ घरांत न्हाणी होती. न्हाणीला विटांची फरशी होती आणि पाणी वाहून जायला बांधलेले गटार होते. चार हजार वर्षांपूर्वी लोकांना कळले होते, की आंघोळीला पाणी हवे, आडोसा हवा आणि सांडपाण्याला वाट हवी.

पाहा, या साऱ्या फेरीत आपल्याला काय दिसले? जिथे जसे पाणी, जशी हवा आणि जसे सरपण, तशी तिथली आंघोळ. एकाची रीत दुसऱ्याला विचित्र वाटते, एवढेच.

पण आपल्या देशात एक निराळी अडचण होती. इथे पाणी असूनही काही माणसांना मिळत नव्हते. इथून फार दूर नाही, रायगड जिल्ह्यातच महाड आहे. तिथे चवदार तळे आहे. त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत. पण अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसांना तिथे मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर काय झाले? काही लोकांनी तळे बाटले म्हणून त्यात शेण, गोमूत्र वगैरेंच्या घागरी ओतल्या, आणि तळे शुद्ध झाले असे जाहीर केले! खटला कोर्टात गेला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात निकाल लागला. तळ्यावर मज्जाव करण्याचा हक्क कुणाला नाही, हे ठरले.

या गोष्टीतून एक मोठा धडा मिळतो. सोवळे वेगळे आणि स्वच्छता वेगळी. सोवळ्याने पिण्याच्या पाण्यात शेण घातले. स्वच्छतेने ते कधीच घातले नसते. सोवळे विचारते, “तू कोण?” स्वच्छता विचारते, “तुझे हात धुतलेले आहेत का?” आधी माणसाला पाणी घेऊ द्यायचे नाही आणि मग हा न्हात नाही म्हणून हिणवायचे, हा कुठला न्याय?

हातांची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक हकिगत सांगतो. युरोपात व्हिएन्ना नावाचे शहर आहे. तिथल्या एका मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर बाळंतपण करीत, दुसऱ्यात सुइणी करीत. आश्चर्य असे, की डॉक्टरांच्या विभागात बाया तापाने जास्त दगावत. १८४७ साली सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने याचे कारण हुडकले. डॉक्टर मंडळी प्रेते चिरून शिकत आणि तेच हात घेऊन बाळंतिणीकडे येत. त्याने दारातच ब्लीचिंग पावडरीसारखे पाणी ठेवले आणि हात धुतल्याशिवाय आत यायचे नाही, असा नियम केला. बायांचे मरण झपाट्याने कमी झाले. पण पुष्कळ डॉक्टरांना राग आला. आम्ही शिकलेली, मोठ्या घरची माणसे. आमचे हात घाणेरडे कसे असतील? मंडळी, रोगजंतू माणसाचे घराणे पाहत नाहीत.

आता साबण काय करतो ते समजून घेऊ. मळ म्हणजे धूळ आणि अंगाचे तेल यांचा लेप. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. मग पाणी ओतले, की मळ सुटून जातो. त्याबरोबर पुष्कळ रोगजंतूही जातात. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा हात साबणाने २० सेकंद चोळा असे सांगत. त्या विषाणूवर चरबीचे आवरण असते. साबण ते फोडतो. आपली रिठा-शिकेकाई हेच काम थोड्या सौम्यपणे करते. तेव्हा महागाचाच साबण पाहिजे असे नाही. वासाला पैसे जातात, मळाला साधा साबण पुरतो.

ज्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे युक्तीही निराळी. बाजार समितीत मिरचीची पोती वाहणाऱ्या भावांना ठाऊक आहे, की मिरचीची आग नुसत्या पाण्याने जात नाही. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो. म्हणून आधी खोबरेल चोळावे, मग साबणाने धुवावे. मासळी विकणाऱ्या बहिणींनी हाताला लिंबू किंवा चिंच चोळावी. आंबटाने मासळीचा वास मरतो. तो वास घाणीचा नव्हे, कष्टाचा आहे. तोंडाला पदर लावण्याआधी एवढे ध्यानात ठेवावे.

आता पाळण्याजोग्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. आपल्या दमट हवेत रोज न्हावे. कामावरून घाम आणि धूळ घेऊन आलात, तर संध्याकाळी न्हावे. पाणी कमी असेल त्या दिवशी सगळे अंग नाही तरी काखा, जांघा, पायांच्या बोटांच्या बेचक्या आणि तोंड तरी धुवावे. नुसती कावळ्याची आंघोळ करून डोके तेवढे भिजवू नये. धुतल्यावर अंग कोरडे पुसावे. ओलाव्यात नायटा वाढतो.

दुसरी गोष्ट. ज्याचा पंचा त्याला. एकाच टॉवेलाने घरभर नायटा आणि खरूज फिरते. घरात एकाला खरूज झाली, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावावे. कपडे आणि अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. कुणाच्या सांगण्यावरून दुकानातून मलम आणू नये. काही मलमांत स्टेरॉईड नावाचे औषध असते. त्याने दोन दिवस खाज थांबते आणि नायटा मात्र पसरत जातो.

तिसरी गोष्ट. आंघोळ दिवसातून एकदा, पण हात अनेकदा. संडासाहून आल्यावर, मुलाचे ढुंगण धुतल्यावर, रांधण्याआधी, जेवण्याआधी आणि मुलाला भरवण्याआधी साबणाने हात धुवावेत. एवढ्या एका सवयीने जुलाबाचे आजार जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालत आलात, तर पाय साबणाने धुवावेत. पायाला जखम असेल आणि मागाहून ताप आला, तर डॉक्टरांना पाण्यात चाललो होतो असे आवर्जून सांगावे. उंदीर-घुशींच्या मुताने त्या पाण्यातून लेप्टो नावाचा ताप येतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती.

चौथी गोष्ट बाळाची. जन्मल्याबरोबर बाळाला न्हाऊ घालू नये. निदान २४ तास थांबावे. बाळाला गारठा सोसत नाही. मऊ कापडाने पुसून आईजवळ उबेत ठेवावे. न्हाऊ घालायला आजी आहेच!

आता भगिनींसाठी थोडे बोलतो, पण पुरुषांनी कान द्यावेत. पाळीच्या दिवसांत न्हाऊ नये, असे काही घरांत सांगतात. शरीराच्या दृष्टीने त्याला काही आधार नाही. त्या दिवसांत तर रोज न्हावे. कापड वापरत असाल तर साबणाने धुऊन उन्हात वाळवावे, अंधाऱ्या कोपऱ्यात दडपू नये. विटाळ ही सोवळ्याची बाब आहे. स्वच्छतेचा सल्ला उलट आहे.

आणि न्हायचे कुठे? पुरुषाला नळावर, विहिरीवर, कुठेही न्हाता येते. पण ज्या वस्तीत न्हाणी नाही, तिथली बाई पहाटे अंधारात उठते. अंगावरच्या लुगड्यानिशीच चार तांबे ओतून घेते आणि कुणी येईल या धास्तीने आत पळते. तिचे अंग स्वच्छ कसे व्हावे? तिला खाज आणि आजार जडले, तर दोष कुणाचा? २०१४ पासून घरोघर संडास बांधण्यासाठी सरकारी मदत मिळू लागली. चांगले झाले. पण संडासाशेजारी चार फूट लांब, चार फूट रुंद न्हाणी मात्र पुष्कळांनी बांधली नाही. आम्ही कारभारी मंडळींना हात जोडून सांगतो. घरात टीव्ही घेण्याआधी, मोटारसायकल घेण्याआधी न्हाणी बांधा. तिला दार लावा, आतून कडी लावा. सांडपाण्याला गटार नसेल, तर शोषखड्डा खणा.

शेवटी पाण्याकडेच येतो. आज नवी मुंबईला खालापूर तालुक्यातले मोरबे धरण पाणी देते. धावरी नदी तिथे अडवली आहे. भोकरपाड्याला पाणी शुद्ध होते आणि नळाने आपल्याकडे येते. ते पाणी आकाशातून तोटीत पडलेले नाही. त्यासाठी काही शेतकऱ्यांची जमीन पाण्याखाली गेली आहे. बादलीने न्हाल तर पंधरा-वीस लिटरांत गंगेत घोडे न्हाते. फवारा मोकळा सोडून उभे राहाल, तर पाच मिनिटांत त्याच्या दुप्पट पाणी सहज जाते. ज्याच्या घरी चोवीस तास नळ आहे, त्याने हे मोजावे. टेकडीवरच्या वस्तीतली बाई अजूनही हंडा घेऊन रांगेत उभी असते.

संत गाडगे महाराज हातात खराटा घेऊन दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. त्यांच्या अंगावर चिंध्यांचा वेष असे. वरवर पाहणाऱ्याने त्यांना घाणेरडे म्हटले असते. आणि स्वच्छतेचा एवढा मोठा गुरू महाराष्ट्राला दुसरा मिळाला नाही. त्यांनी घाण झाडली, माणूस कधी झाडला नाही.

तेव्हा भावांनो, बहिणींनो, उद्या शेजारच्याला नावे ठेवावीशी वाटली, तर आधी एवढेच विचारा: “तुमच्याकडे पाणी किती वेळ येतं हो?” त्याचे उत्तर ऐका. नळाचा अर्ज करायला त्याला मदत करा. आता तुम्हांला लिहिता येते. अर्ज तुम्हीच लिहा, खाली दोघांच्याही सह्या करा.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.